कुंडीतला वड वडासारखा : बोन्साय कलेच्या बदलत्या शैली

वीत-दोन वीत उंचीचे, उथळ तबकात वाढलेले आणि तरीही शतायुषी वृक्षाचा आभास निर्माण करणारे झाड म्हणजे बोन्साय. शहरी वाचकाला एवढी ओळख आता करून द्यावी लागत नाही. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांतून, रोपवाटिकांतून आणि ओळखीच्या कुणाच्या तरी गच्चीवर ही झाडे त्याने पाहिलेली असतात. या कलेच्या आतल्या अंगाने गेल्या तीन-चार दशकांत झालेला बदल मात्र फारसा चर्चिला गेलेला नाही. जपानी पाइन वृक्षाच्या साच्यात आपले वड, पिंपळ आणि चिंचा बसवण्याचा खटाटोप एके काळी आपल्याकडे श्रद्धेने केला जात असे. आज जाणकारांचा कल उलट दिशेने आहे. वडाने वडासारखे दिसावे, चिंचेने चिंचेसारखे, हा आग्रह वाढत चालला आहे. तापीच्या खोऱ्यातील नंदुरबार-शहाद्यासारख्या तप्त प्रदेशात तर हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. जपानी साचा आणि जपानी वेळापत्रक येथे जसेच्या तसे वापरले तर झाड जगण्याचीच शाश्वती उरत नाही.

उगम चीनचा, नाव जपानचे

'बोन' म्हणजे तबक आणि 'साय' म्हणजे लावलेले रोप. शब्द जपानी असला तरी कला चीनमधून गेलेली आहे. चीनच्या शांक्सी प्रांतात तांग राजघराण्यातील राजपुत्र ली श्यान याची इ. स. ७०६ मधील कबर आहे. तिच्या भिंतीवरील चित्रांत लहान झाडे व दगड मांडलेली तबके हाती घेतलेल्या सेविका दिसतात. चिनी परंपरेत या मांडणीला 'पेंजिंग' म्हणतात आणि तिच्यात झाडाइतकेच महत्त्व दगड, पाणी व देखाव्याला असते. बौद्ध भिक्षूंबरोबर ही आवड जपानमध्ये पोहोचली. १३०९ च्या सुमाराच्या 'कासुगा गोंगेन गेंकी' या चित्रगुंडाळीत तबकातील झाडे रंगवलेली आहेत. 'हाची-नो-की' या प्रसिद्ध नोह नाट्यात एक दरिद्री सामुराई बर्फाळ रात्री दारी आलेल्या पाहुण्याला ऊब मिळावी म्हणून आपली जपलेली तीन कुंडीतील झाडे जाळतो. जपानी मनात या झाडांना किती मोल होते, हे त्यावरून ध्यानी यावे.

आपल्याकडे बोन्सायला 'वामनवृक्ष' हा सुरेख प्रतिशब्द रूढ झाला. त्याबरोबरच ही कला मुळात भारतीय असून प्राचीन वैद्य औषधी झाडे कुंडीत खुजी करून ठेवीत, असे प्रदर्शनांच्या उद्घाटनांतून हमखास ऐकवले जाते. कल्पना आकर्षक आहे. तथापि चिनी भित्तिचित्रे आणि जपानी चित्रगुंडाळ्या यांच्या तोडीचा पुरावा त्या दाव्यामागे कुणी मांडलेला नाही. नावाचे भारतीयत्व मान्य करून इतिहास चीन-जपानचा म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

आज आपण ज्याला अभिजात जपानी शैली म्हणतो तिचे वयही समजले जाते तितके नाही. धातूच्या तारेने फांदीला वळण देण्याची पद्धत जपानमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर सार्वत्रिक झाली. १९२३ च्या भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झाल्यावर तेथील व्यावसायिकांनी शहराबाहेर ओमिया येथे स्थलांतर केले आणि १९२५ मध्ये बोन्सायचे गाव वसवले. १९३४ मध्ये टोकियोतील उएनो येथे 'कोकुफू-तेन' हे राष्ट्रीय प्रदर्शन सुरू झाले. म्हणजे ज्या नियमांना आपण सनातन समजतो, त्यांची घडण बरीचशी आधुनिक काळातली आहे. नियम बदलू शकतात, हे सांगण्यासाठी एवढा आधार पुरेसा आहे.

साचा कोणाचा?

दुसऱ्या महायुद्धानंतर बोन्साय जगभर गेले ते नियमांच्या रूपाने. अमेरिकेत जन्मलेले जपानी वंशाचे कलावंत जॉन नाका यांचे 'बोन्साय टेक्निक्स' हे पुस्तक १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजी जाणणाऱ्या जगाचे ते जणू पाठ्यपुस्तकच ठरले. सरळ उभे 'चोक्कान', नागमोडी उभे 'मोयोगी', कललेले 'शाकान', कड्यावरून लोंबणारे 'केंगाई', वाऱ्याने झोडपलेले 'फुकिनागाशी', उंच सडपातळ खोडाचे 'बुंजिंगी' अशी शैलींची नावे शिकवणाऱ्यांच्या व शिकणाऱ्यांच्या तोंडी बसली. पहिली फांदी उंचीच्या साधारण एकतृतीयांशावर असावी, बुंध्याच्या जाडीच्या सुमारे सहापट उंची असावी, एकंदर आकार विषमभुज त्रिकोणाचा दिसावा, असे ठोकताळे त्याबरोबर आले. नवशिक्याला ते उपयोगी आहेत, यात शंका नाही. हात बसण्यापूर्वी मोकळे सोडलेले झाड बहुधा झुडूपच होते.

अडचण वेगळी आहे. हे ठोकताळे ज्या झाडांवरून आले ती पाइन आणि ज्युनिपर कुळातील झाडे आहेत. ती शेंड्याच्या दिशेने जोमाने वाढतात. त्यांच्या फांद्यांवर हिवाळाभर बर्फ साचतो आणि वर्षानुवर्षांच्या भाराने फांद्या खाली झुकतात. जुने पाइन डोंगरावर जसे दिसते, तसे तबकात दिसावे म्हणून फांद्या तारेने खाली ओढल्या जातात. त्रिकोण आणि खाली झुकलेली फांदी यांना जपानमध्ये निसर्गाचा आधार आहे. खानदेशात बर्फ पडत नाही. वडाच्या फांद्या आडव्या पसरतात, त्यांची टोके प्रकाशाकडे वर उचललेली असतात आणि भार पेलायला पारंब्या खांब होऊन उभ्या राहतात. त्या वडाच्या फांद्या तारेने खाली ओढून त्याचा त्रिकोण केला की वडाचे पाइन होत नाही, आणि वडही राहत नाही.

महाराष्ट्रात बोन्सायची रुजवात होताना हे असेच घडले. हाती असलेली पुस्तके परदेशी, त्यांतील छायाचित्रे पाइनची आणि अंगणात मात्र नांदरूक व वड. पाइनचा भास हवा म्हणून अनेकांनी सुरूच्या झाडाचा आश्रय घेतला. सुरूची सुईसारखी दिसणारी हिरवी काडी दुरून पाइनची आठवण करून देते आणि उष्ण हवा तिला मानवते. या तडजोडीतून उत्तम झाडे घडली, हेही खरे. मुंबईत ज्योती व निकुंज पारेख या दांपत्याने बोन्सायचे शिक्षण आणि प्रसार यांसाठी दीर्घकाळ काम केले व उष्ण प्रदेशातील झाडांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुण्यात प्राजक्ता काळे यांनी 'बोन्साय नमस्ते' या संस्थेच्या माध्यमातून फेब्रुवारी २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषद व प्रदर्शन भरवले. देशोदेशींचे कलावंत त्यासाठी पुण्यात आले होते. हजारोंनी मांडलेली झाडे एकत्र पाहण्याची संधी त्या प्रदर्शनाने सामान्य पुणेकराला दिली. त्यात भाव खाऊन गेली ती पाइन नव्हेत, तर वडाच्या कुळातील झाडे, यात नवल ते काय! आपल्या हवेत तीच खऱ्या अर्थाने म्हातारी होऊ शकतात.

वटवृक्षाचे व्याकरण

वड, पिंपळ, उंबर, नांदरूक ही सारी 'फायकस' या एकाच प्रजातीतील झाडे आहेत. बोन्सायच्या दृष्टीने त्यांचे गुण अनेक. छाटणी केली तरी ती पुन्हा जोमाने फुटतात. मुळे कापलेली सहन करतात. एकमेकांना टेकलेल्या दोन फांद्या किंवा मुळे कालांतराने एकजीव होतात. म्हणूनच दहा-वीस कोवळी रोपे एकत्र बांधून थोड्या वर्षांत जाड बुंधा तयार करणे शक्य होते. भिंतीच्या फटीत, दगडाच्या बेचक्यात मूठभर मातीवर वर्षानुवर्षे तग धरण्याची त्यांची सवय तर रोजच्या पाहण्यातली आहे. ज्याला तबकात राहायचे त्याला याहून चांगली तालीम कोणती?

पण शैलीचा खरा प्रश्न पारंब्यांपाशी येतो. जपानी व्याकरणात खोड एक, शेंडा एक आणि नजर बुंध्यापासून शेंड्याकडे जाणारी असते. वडाला हे लागू पडत नाही. हावड्याजवळच्या शिबपूर येथील वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध महावटाचे मूळ खोड बुरशीने कुजल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकण्यात आले. झाड आजही पारंब्यांच्या आधाराने उभे आहे आणि पसरतेच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर तालुक्यातील पेमगिरीच्या महावटाखाली उभे राहिले की मुख्य खोड कोणते, हा प्रश्नच मनात येत नाही. अशा झाडाचे चित्र तबकात उतरवायचे तर उंचीपेक्षा रुंदी जास्त हवी, घेर घुमटासारखा हवा आणि नजर आडवी फिरली पाहिजे. तैवान, इंडोनेशिया आणि फिलिपाइन्समधील कलावंतांनी या दिशेने पुष्कळ काम केले. इंडोनेशियाचे रॉबर्ट स्टिव्हन यांच्या 'व्हिजन ऑफ माय सोल' या २००५ मधील पुस्तकाने उष्ण प्रदेशातील कलावंतांना एक दिलासा दिला : साचा सोडला म्हणजे शिस्त सोडली असे होत नाही.

पारंबी तबकात आणण्याचे तंत्रही समजून घेण्यासारखे आहे. दमट हवेत पारंब्या आपोआप सुटतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात त्या फारसे कष्ट न घेता मिळतात. नंदुरबारच्या कोरड्या हवेत फांदीवर आलेला कोवळा मूळकोंब चार दिवसांत वाळून जातो. त्यावर उपाय म्हणून शरबताची साधी नळी उभी चिरून ती मूळकोंबाभोवती बसवतात, आत ओले शेवाळ भरतात आणि नळीचे खालचे टोक मातीत टेकवतात. पावसाळाभर शेवाळ ओले राहिले तर मूळ नळीतून उतरून माती धरते. एकदा ते मातीत रुजले की जाड होऊ लागते, फांदीला अन्न-पाणी पुरवते आणि फांदीही भरते. मग नळी काढून टाकावी. जेथे पारंबी मुळीच नाही तेथे दुसऱ्या रोपाचे मूळ फांदीत कलम करून बसवतात. हे काम दोन-तीन पावसाळ्यांचे आहे.

वडाची दुसरी अडचण पानांची. त्याचे पान सहज वीतभर होते आणि फूटभर उंचीच्या झाडावर ते छत्रीसारखे दिसते. यावर दोन उपाय आहेत. एक, झाड मुळातच मोठे, म्हणजे दोन-अडीच फुटांचे ठेवावे. दुसरा, उन्हाळा सरता सरता निरोगी झाडाची सारी पाने देठ राखून खुडावीत. पावसाच्या तोंडावर येणारी नवी पालवी आकाराने लहान येते. हा प्रयोग अशक्त झाडावर करू नये आणि वर्षातून एकदाच करावा. पान लहान राहण्यासाठी भरपूर ऊनही लागते, आणि ते आपल्याकडे मुबलक आहे. ज्यांना एवढी यातायात नको त्यांच्यासाठी मुळातच लहान पानांचे नांदरूक आहे. बाजारात बोन्साय म्हणून मिळणारी बहुतेक झाडे याच जातीची असतात.

तारेपेक्षा कात्री बरी, हा या झाडांचा आणखी एक धडा. दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांतात 'लिंगनान' नावाची शैली विकसित झाली. तिच्यात फांदीला तार गुंडाळून वाकवण्याऐवजी ती वाढू देतात, जाड झाली की कापतात, हव्या दिशेचा डोळा राखतात आणि पुन्हा वाढू देतात. प्रत्येक कापाला दिशा बदलते आणि फांदीला सांध्यासांध्याने वळण येते. वडाच्या कोवळ्या फांदीवर तार बांधून महिनाभर विसरले तर ती सालीत रुतते आणि वण वर्षानुवर्षे जात नाही. झपाट्याने वाढणाऱ्या आपल्या झाडांना ही चिनी पद्धत अधिक सोसते. महाराष्ट्राला हे नवे नाही. नाशिकचा द्राक्ष बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करतो, तेव्हा तोही डोळ्याची दिशा पाहूनच कात्री चालवतो. 'बोन्साय म्हणजे झाडाचा छळ' असे म्हणणाऱ्यांनी द्राक्षबागेकडेही एकदा पाहावे. घरात बोन्साय ठेवल्यास भरभराट खुंटते, ही वास्तुशास्त्राच्या नावाने पसरलेली समजूत तर मनावर घेण्याच्या लायकीची नाही. वटपौर्णिमेला कुंडीतल्या वडाभोवती सूत गुंडाळणाऱ्या सदनिकांतील सुवासिनींनी तिचा निकाल केव्हाच लावला आहे.

नाट्याचा काळ

दरम्यान जगात एक वेगळे वादळ येऊन गेले. जपानचे मासाहिको किमुरा यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रांच्या साह्याने खोड कोरण्याचे असे काही प्रयोग केले की, जपानी परंपराप्रेमी प्रथम बिचकले आणि मग त्यांच्याच मागे गेले. वीज पडून जळालेले, सोलवटलेले, मेलेल्या लाकडातून एखादी जिवंत शीर वर चढणारे झाड ही त्या शैलीची ओळख. मृत फांदीला 'जिन' आणि खोडावरच्या मृत पट्ट्याला 'शारी' म्हणतात. छायाचित्रांतून हे नाट्य जगभर पसरले आणि भारतातील अनेकांनी वडा-नांदरुकाची खोडे कोरायला घेतली.

येथे निसर्गाने पुन्हा आपला कायदा दाखवला. ज्युनिपरचे लाकूड राळयुक्त, टणक आणि टिकाऊ असते. कोरलेला भाग अनेक दशके चांदीसारखा पांढरा राहतो. फायकसचे लाकूड मऊ आणि चिकाने भरलेले. आपल्या पावसाळ्यात ते कुजते, बुरशी धरते आणि कूज आत जिवंत भागापर्यंत जाते. शिवाय जिवंत वड जखम भरून काढतो, ती मिरवत नाही. जुन्या वडावर पोकळी दिसते, खोबण दिसते, पांढरा सुळका सहसा दिसत नाही. त्यामुळे कोरीवकामाची हौस आता आपल्याकडे चिंच, बोर, विलायती चिंच अशा कठीण लाकडाच्या झाडांपुरती राहू लागली आहे, आणि ते योग्यच आहे.

युरोपातही नाट्याचा कंटाळा आलेला दिसतो. वॉल्टर पाल यांच्यासारखे कलावंत 'नैसर्गिक' शैलीचा पुरस्कार करतात. झाडाने बोन्सायसारखे दिसू नये, बोन्सायने झाडासारखे दिसावे, असा त्यांच्या मांडणीचा मथितार्थ आहे. अमेरिकेत रायन नील यांनी २०१५ मध्ये पोर्टलंड येथे 'आर्टिझन्स कप' हे प्रदर्शन भरवले. त्यामागे अमेरिकी झाडांतून अमेरिकी निसर्गाचे चित्र उभे करण्याची भूमिका होती. आपल्याकडे वडाचे जे झाले तेच तिकडे तेथील झाडांचे होत आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात १९७६ मध्ये जपानने भेट दिलेले यामाकी पाइन आजही आहे. १६२५ पासून जोपासलेले हे झाड १९४५ च्या हिरोशिमातील अणुस्फोटातून वाचले होते, ही गोष्ट २००१ मध्ये यामाकी कुटुंबातील नातू भेटीला आले तेव्हा संग्रहालयाला समजली. त्याच संग्रहालयात जॉन नाका यांचे 'गोशिन' हे अकरा ज्युनिपरांचे वन आहे. नियम शिकवणाऱ्या नाकांची कीर्ती मात्र त्रिकोणी एकाकी झाडापेक्षा या वनानेच अधिक टिकवली, ही बाब बोलकी आहे.

बाजाराची चाल

सदनिका लहान झाल्या तशी झाडेही लहान झाली. वीतभर उंचीच्या आतले 'शोहिन' आणि तळहातावर मावणारे 'मामे' हे प्रकार खिडकीच्या कठड्यावर राहतात म्हणून लोकप्रिय आहेत. पण जितकी कुंडी लहान तितकी पाण्याची चूक महाग. शेवाळाच्या गोळ्यात रोप बसवून टांगण्याची 'कोकेदामा' ही टूम येऊन गेली व अजून टिकून आहे. रताळ्यासारखी फुगलेली मुळे वर काढलेले 'जिनसेंग' फायकस, वाळवंटी गुलाब म्हणून ओळखले जाणारे अडेनियम आणि जाड पानांचे जेड यांनी भेटवस्तूंचा बाजार व्यापला आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरच्या बागेची आवड वाढली आणि घरपोच येणाऱ्या रोपांत अशा झाडांची भर पडली. अडेनियम आणि जेड यांना दोष देण्याचे कारण नाही. ती ऊन सोसतात, पाणी विसरले तरी रुसत नाहीत आणि नवशिक्याचा धीर टिकवतात. फक्त रंगीत तबकात काल लावलेली फांदी म्हणजे बोन्साय नव्हे, एवढे विक्रेत्याने सांगितले तर बरे. घराच्या आत, दूरचित्रवाणीसंचाशेजारी वर्षभर ठेवता येते असे सांगून विकलेले झाड बहुधा दुसरा उन्हाळा पाहत नाही.

तापीकाठचे वेळापत्रक

जपानी किंवा इंग्रजी पुस्तक कुंडी बदलण्यासाठी वसंताचा आरंभ सुचवते. तो तिकडे फेब्रुवारीअखेर ते एप्रिल असतो. नंदुरबारला त्याच सुमारास ऊन तापू लागते आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो. मुळे कापलेले झाड त्या उन्हात टाकणे म्हणजे त्याला घालवणे होय. येथे वडाच्या कुळातील झाडांची कुंडी मृगाचा पाऊस पडून हवेत ओल आल्यावर बदलावी. पानगळीची झाडे मात्र नवी पालवी फुटण्याच्या बेतात असताना, हवा अजून सुसह्य असतानाच हाती घ्यावीत.

मातीचाही तोच प्रकार. या पट्ट्यातील काळी कसदार माती कापसाला आणि केळीला कितीही मानवत असली तरी बोन्सायच्या तबकात ती घातक आहे. ओली असताना ती चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते, सुकल्यावर आकसून भेगाळते आणि तबकाच्या कडेपासून सुटते. वरून घातलेले पाणी मग त्या फटीतून निघून जाते, मुळांना मिळतच नाही. जपानी 'अकादामा' मातीला आपल्याकडचा स्वस्त पर्याय म्हणजे चाळून धूळ काढलेला विटांचा चुरा. त्यात जाड वाळू किंवा बारीक खडी आणि कुजलेला पालापाचोळा अथवा गांडूळखत मिसळले की पाणी निथळते आणि ओलही राहते. वीट चांगली भाजलेली हवी. कच्च्या विटेचा चुरा दोन पावसात पुन्हा माती होतो.

उन्हाळ्यात उथळ तबकाला दिवसातून दोनदा, कधी तीनदा पाणी लागते. दुपारपुरती शेडनेटची सावली असावी आणि तबक तापलेल्या स्लॅबवर न ठेवता लाकडी फळीवर किंवा विटांवर ठेवावे. मुळे भाजून मेलेले झाड आठवडाभर हिरवे दिसते व मग एकदम वाळते. त्यामुळे पाणी कमी पडले की जास्त झाले, हा वाद घरात रंगतो आणि खरे कारण तापलेल्या गच्चीचे असते.

झाडांची निवड करताना भोवतालाकडे पाहणे शहाणपणाचे. चिंचेची बारीक संयुक्त पाने लहान झाडावर अगदी प्रमाणात दिसतात, साल लवकर जून होते आणि उष्णतेची तिला पर्वा नसते. कोरड्या प्रदेशातील बोन्सायसाठी याहून गुणी झाड शोधून सापडणार नाही. विलायती चिंच, बोर, डाळिंब, बोगनवेल हीदेखील तशीच सोशिक. डाळिंबाचे खोड पिळवटत जाते आणि ते वय दाखवते. उंबराला खोडावर फळे लगडतात आणि तबकातही ती धरतात. सातपुड्याच्या सुक्या उतारांवरचा अंजन हा खानदेशाचा खास वृक्ष. जोडपानांचा, करड्या सालीचा आणि कोवळेपणी तांबूस पालवीचा. पाहताच कुणाही बोन्सायकाराला मोह पडावा असा. पण त्याची गोष्ट जरा निराळी आहे.

डोंगरातले झाड डोंगरात

निसर्गात खुरटलेले, वाऱ्याने वाकवलेले जुने झाड खणून आणण्याला जपानीत 'यामादोरी' म्हणतात. नैसर्गिक शैलीचा बोलबाला झाला तसे अशा झाडांचे मोल वाढले. कारण उघड आहे. रोपवाटिकेत जो बुंधा घडायला तीस वर्षे लागतात तो डोंगरावर आयता मिळतो. युरोप-अमेरिकेत परवाने घेऊन झाडे काढणारे व्यावसायिक आहेत. आपल्याकडे या हव्यासाला आवर घालणे अगत्याचे आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनातून परवानगीशिवाय झाड किंवा कोणतेही वनोपज नेणे गुन्हा आहे. हा झाला कायदा. जीवशास्त्रही तेच सांगते. अंजन कोवळेपणीच खोल सोटमूळ सोडतो. पाण्याच्या शोधात ते कातळाच्या भेगांतून खाली जाते. मोहाचेही सोटमूळ असेच लांब असते. वर हातभर दिसणाऱ्या झाडाचे जीवन खाली कित्येक हात खोल असते. ते तोडून आणलेले झाड क्वचितच जगते आणि उतारावरची जागा मात्र उघडी पडते. तोरणमाळच्या पठारापासून अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांपर्यंत वनाचे आच्छादन आधीच विरळ झाले आहे. तेथे कुणाच्या गच्चीच्या शोभेसाठी एक झाड कमी होणे हा सौदा महागच म्हणावा लागेल.

ज्यांना अंजन हवाच आहे त्यांनी तो बियांपासून करावा. रोप लहान असतानाच सोटमूळ कापून त्याला आडव्या मुळांची सवय लावता येते. वर्षे लागतील, पण बुंध्यावरील प्रत्येक वळण आपल्या हातचे असेल.

आणि ज्यांना आयता जुना बुंधाच हवा त्यांच्यासाठी प्रत्येक जुन्या शहरात एक खाण उघडी आहे, ती म्हणजे पडक्या भिंती. नंदुरबारसारख्या जुन्या पेठांच्या गावात पावसाच्या पाण्याच्या नळाशेजारी, गिलावा सुटलेल्या विटांतून आणि गच्चीच्या कठड्यातून पिंपळ, वड, नांदरूक उगवलेले असतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले हे बी बांधकाम फोडते. म्हणून ते आज ना उद्या कापले जाणारच असते. अशी झाडे काढताना मालकाची संमती घ्यावी. झाड मोठे असेल तर नगरपालिकेकडे चौकशी करावी, कारण नागरी क्षेत्रातील वृक्षांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडांना वारसावृक्षाचा दर्जा मिळाला आहे. काम पहिल्या चांगल्या पावसानंतर करावे. भिंतीतील वीट हलक्या हाताने सैल करून जितके मूळ निघेल तितके काढावे. ओढून तोडू नये. मोठी पाने खुडावीत, कापलेल्या जागी चीक थांबेपर्यंत कोरडी राख दाबावी आणि झाड थेट तबकात न लावता खोल कुंडीत किंवा गोणीत विटांच्या चुऱ्यात लावून सावलीत ठेवावे. कोंब फुटले तरी निदान एक वर्ष त्याला कात्री अथवा तार लावू नये. भिंतीत असताना मुळे ज्या चपट्या, एकात एक गुंतलेल्या आकारात वाढली असतील तो आकार मोडू नये. भिंत पकडून राहिलेल्या वडाचे चित्र त्यातूनच पुढे दाखवता येते. दुसऱ्या पावसाळ्यात मुळे तपासून तबकाची निवड करावी. तोवर शैलीचे नाव ठरवण्याची घाई नसते.